दूरभूल

सोनघोळच्या रुग्णालयात ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलेली माणसं आता "भूल दिली का?" असं विचारत नसत. "पुण्याहून आली का?" असं विचारत. आली, असं आतून कळलं की निर्धास्त होऊन चहा प्यायला जात.

भूल खरोखरच पुण्याहून यायची. घाटमाथ्यावरच्या या गावात भूलतज्ज्ञ टिकत नसे. आलेला डॉक्टर वर्षभर कसाबसा काढून बदलीच्या मागे लागे. मग दूरभूल आली. पेशंटच्या कपाळावर एक पट्टी चिकटवायची. ती मेंदूतल्या लहरी टिपून पुण्याच्या दूरभूल कक्षाकडे पाठवी. तिथला नियंत्रक, म्हणजे संगणकातली एक आज्ञावली, झोप किती खोल आहे ते पाहून औषधाचा वेग ठरवी आणि तसा हुकूम सोनघोळच्या पंपाला सोडी. पंप नळीतून तेवढं औषध आत ढकली. हे सतत, क्षणाक्षणाला चाले. पुण्यात एक खराखुरा भूलतज्ज्ञ अशा सात-आठ टेबलांवर एकदम नजर ठेवून बसे. त्याच्यासमोर आणि इथे सर्जनसमोर पडद्यावर झोपेची एक हिरवी रेघ सरकत राही. रेघ सरळ असली की सगळं ठीक.

ही सगळी ये-जा नेटवर्कवरून, माहितीच्या छोट्या छोट्या पाकिटांतून व्हायची. कक्षातले लोक त्यांना पुड्या म्हणत. डोंगराळ भागात पुड्या हरवायच्याच, त्यामुळे त्याचा बंदोबस्त आधीच केलेला होता. पट्टीकडून पुडी आली नाही, तर 'अंदाजक' नावाचा भाग आतापर्यंत दिलेल्या औषधावरून या घडीला झोप किती खोल असेल याचा हिशेब मांडी आणि रिकामी जागा भरून टाकी. वाटेत पुडी हरवली की अंदाजक स्वतःची पुडी सोडतो, असं कक्षातले चावट लोक म्हणत. अंदाजक कक्षातल्या इंजिनिअर रुजुता सबनीसने रचला होता, आणि हा विनोद तिला मुळीच आवडत नसे.

मालन रेडेकरने डॉक्टरांना त्यांच्या मुलाच्या लग्नाबद्दल विचारलं नसतं, तर हे सगळं असंच सुखाने चालू राहिलं असतं.

मालन एसटीत कंडक्टर होती. पित्ताशयात खडे झाले म्हणून तिचं ऑपरेशन झालं, आणि उत्तम झालं. टाके सुकल्यावर ती दाखवायला आली तेव्हा ऑपरेशन करणाऱ्या डॉ. नांदवडेकरांनी हसून विचारलं, "काय मालनबाई, बरं वाटतंय ना?"

"माझं ऱ्हाऊ दे डॉक्टर. तुमच्या पोराचं काय झालं? ती पोरगी अजून नकोच म्हनतीया काय?"

डॉक्टर गारच पडले. मुलाचं लग्न ऐनवेळी मोडलं होतं. घराबाहेर त्यांनी ते एकाच माणसाला सांगितलं होतं, सिस्टर ब्रिजिट बारदेस्करांना. आणि तेही मालनचं ऑपरेशन चालू असताना, टेबलाशी उभं राहून.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"तुमीच की," मालन म्हणाली. "मी जागी हुतो न्हवं." त्या भागातल्या बायकांच्या रीतीप्रमाणे ती स्वतःला 'आलो, गेलो' असंच म्हणायची.

पुण्याने त्या ऑपरेशनची रेघ काढून पाहिली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ. मग दोनच शक्यता उरल्या: एक तर सिस्टरनी बाहेर जाऊन चुगली केली, नाही तर बाईला भ्रम झाला. मालनच्या कागदावर सध्यापुरतं 'भ्रम' असं लिहिलं गेलं, आणि भ्रम झालेल्या बाईला गाडीवर पाठवायला डेपो तयार होईना. सिस्टरना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं गेलं. त्याला आणखी एक कारण होतं. ऑपरेशननंतर पंपात औषध जास्त उरलं होतं, असं त्यांनी स्वतःच पुण्याला कळवलं होतं. औषध आपोआप कसं उरेल? कोणीतरी पंप मध्येच बंद केला असला पाहिजे.

म्हणजे चौकशीसाठी पुण्याहून निघालेल्या रुजुता सबनीसचा संशय सोनघोळला पोचायच्या आधीच ठरलेला होता. शंभरातल्या तीस पुड्या हरवल्या तरी झोप डळमळणार नाही, हे तिने गणिताने सिद्ध केलं होतं आणि ते गणित तीन विद्यापीठांनी तपासलं होतं. गणितात चूक नाही, तर चूक माणसातच असणार.

तिने सिस्टरना रुग्णालयात बोलावून घेतलं. सिस्टर पन्नाशीच्या, ठेंगण्या, गळ्यात बारीक क्रूस. खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"पंपाला हात लावला होतात?"

"औषध भरताना. नंतर नाही."

"औषध किती उरलं ते मोजलंत कशाला? ते मोजायचा नियम नाही."

"फेकायच्या आधी बघते मी. सवय आहे. जास्त दिसलं म्हणून फोन केला. तुमच्याकडचा माणूस म्हणाला, तुमचं मोजणं चुकलं असेल. आणखी एक झालं होतं, मॅडम. तिच्या डोळ्यातनं पाणी आलं होतं. नाडीही वाढली होती. मी डॉक्टरना म्हटलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मी पण बघितलं. रेघ सरळ होती. मग मी डोळे पुसले."

रुजुताने भुवया वर केल्या. पाणी दिसलं, तर हे आधी का नाही सांगितलं? आणि आत्ता का सांगतेय ही? कुठे फोन केला, कोणाशी बोलली, सगळं कसं तिच्याच बाजूचं निघतंय. डॉ. नांदवडेकरांना विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाण्याचं काही आठवत नाही बुवा. रेघ ठीक होती एवढं आठवतं." त्यांना हे प्रकरण चुगलीवर मिटलेलं हवं होतं, हे लहान मुलालाही कळलं असतं. रुजुताला दोघांचाही भरवसा वाटेना.

मालनचं घर स्टँडच्या मागेच होतं. तिने पाणी दिलं, चहा विचारला नाही.

"तुमी पुन्याच्या. म्हंजे मला येडी ठरवायला आलाय."

"मी काय झालं ते ऐकायला आलेय, मालनताई."

"ऐकून काय करनार? लिवलंय न्हवं आधीच." पण बोलल्याशिवाय तिला राहवेना. "सुई टोचली, गुंगी आली. मग एकदम ऐकू याय लागलं. डॉक्टर पोराचं सांगाय लागलेले. म्हटलं, अजून सुरू केलं न्हाई वाटतं. आन् मग पोटात कायतरी वडलं. वरडाय गेलो, तर तोंडच न्हाई. हात हलवाय गेलो, तर हात माझा न्हवताच. दुखत हुतं, पर दुखन्याचं काय एवढं न्हाई ताई. मी हितं हाय, हे कुनाला कळंना, त्येचं भ्या वाटलं. गाडीत पन्नास मान्सं असली तरी माझा आवाज ड्रायव्हरपतूर जातो. आन् तितं दोन मान्सं हाताभर लांब हुती."

रुजुता खाली बघत राहिली. न हलणं बरोबर होतं, ती मनात म्हणाली. स्नायू सैल करायचं इंजेक्शन भुलीहून वेगळं असतं, ते सिस्टर देतात. हे मालनला कोणी सांगितलं असण्याची शक्यता होतीच.

"मग शेवटपर्यंत जाग्याच होतात?"

"न्हाई वो. तेच तर वंगाळ. झोप लागायची, म्हटलं सुटलो. की परत जाग. परत झोप, परत जाग. डबल बेल दिली, गाडी हलली, की लगेच कोनीतरी शिंगल मारून थांबवायचं. असं किती येळा झालं कुनास ठाऊक."

रुजुताने हातातला पेला खाली ठेवला.

पंप कोणी बंद केला असता तर बाई एकदा जागी झाली असती आणि जागीच राहिली असती. चुगली ऐकून रचलेली गोष्ट असती, तर तिच्यात हा हेलकावा आला नसता. असं खोटं कोणाला सुचेल? पण नियंत्रणाचं काम करणारा माणूस हेलकावा ऐकून लगेच कान टवकारतो. नियंत्रकाला वाटतंय एक आणि प्रत्यक्षात घडतंय दुसरं, अशा वेळी यंत्रं अशीच पुढे-मागे झुलतात. आणि हे मालनला कोणी शिकवणं शक्य नव्हतं.

दुपारी रुजुताने ऑपरेशनची खोली उघडायला लावली. सिस्टरनाही तिने थांबवून घेतलं. आपल्या नजरेसमोर असलेल्या बऱ्या, असा त्यात हिशेब होता. पंपात औषधाऐवजी पाणी भरलं आणि नळीचं टोक एका वाडग्यात सोडलं. मग पुण्याच्या कक्षातल्या मुलाला फोन लावून ती म्हणाली, "पंपाला आधी हळू चालव. मग मी सांगितलं की वेग तिप्पट कर."

पंपावरचा आकडा आधी लहान होता. तिने सांगितलं, तिकडून हुकूम सुटला, आकडा तिप्पट झाला. त्याच क्षणी तिने नेटवर्कची वायर उपटली.

पुडी येईनाशी झाली की पंपाने आहे तो वेग तसाच धरून ठेवायचा, ही तिच्या सगळ्या गणिताची पहिली ओळ होती. आकडा क्षणभर थांबला आणि गुपचूप पहिल्या जागी, लहान आकड्यावर येऊन बसला.

"परत बघू," ती म्हणाली. वायर लावली, वेग वाढवला, वायर उपटली. आकडा पुन्हा मागे आला. वाडग्यातली धार मंदावलेली सिस्टरनाही दिसली.

पुण्याहून फोनवरचा मुलगा उत्साहाने म्हणाला, "मॅडम, इकडे सगळं ओके. वेग तिप्पट दिसतोय, रेघ सरळ आहे."

आता रुजुताचा संशय भलतीकडेच वळला. पंपाच्या आत ही करामत कोणी केली? पंपाची आज्ञावली कोल्हापूरजवळच्या एका छोट्या कारखान्यात दयानंद चौगुले नावाच्या माणसाने लिहिली होती. पंधरा वर्षं लष्करात बिनतारी यंत्रं सांभाळून आलेला, मोजकं बोलणारा माणूस. काम वाचवायला याने काहीतरी सोपं करून ठेवलं आणि गप्प बसला, असं तिच्या मनात पक्कं बसलं. तिने फोन लावला. आवाज चढलेलाच होता.

"चौगुले, हुकुमाची पुडी हरवली तर पंपाने काय करायचं, असं आपलं ठरलं होतं?"

"जैसे थे करायचं, मॅडम. तुम्हीच सांगितलं होतं मीटिंगमधे."

"मग तुम्ही ते केलंत का?"

"केलं की. तुम्हाला चालवून पण दाखवलं होतं."

"अहो, मी इथे पंपासमोर उभी आहे! वेग तसाच राहत नाही, मागे येतोय!"

"मग मागेच येणार ना." चौगुलेच्या आवाजात निव्वळ आश्चर्य होतं. "जैसे थे म्हणजे आधीच्या जागेवर. जवान सावधान उभा आहे, विश्रामचा हुकूम आला, त्याने पाय हलवला, आणि उस्तादाने 'जैसे थे' म्हटलं, तर तो काय करतो? परत सावधान. आत्ताचा हुकूम रद्द, वापस पहिल्या जागी. यात चुकलं काय?"

रुजुता भिंतीला टेकली.

तिचे वडील साताऱ्याला दिवाणी वकील होते. 'जैसे थे' हा शब्द ती जेवताना ऐकत मोठी झाली होती. कोर्टाने जैसे थे ठेवायला सांगितलं, म्हणजे जमिनीवर जो बसलाय तो बसू दे, वीटसुद्धा हलवायची नाही. आहे ते आत्ता आहे तसंच. तिने मीटिंगमध्ये तो शब्द वापरला तेव्हा तिच्या डोक्यात कोर्ट होतं. चौगुलेने मान डोलावली तेव्हा त्याच्या डोक्यात कवायतीचं मैदान होतं. शब्द दोघांनाही उत्तम येत होता, म्हणून कोणीच कोणाला काही विचारलं नव्हतं.

"मॅडम? काही झालंय का?"

"झालंय," ती म्हणाली. "तुमची चूक नाही. मी करते परत फोन."

बाकीचं तिला उभ्या उभ्या उलगडत गेलं. चाचण्या पुण्यात झाल्या, तिथे एखाददुसरी पुडी हरवायची आणि पुढची लगेच येऊन सावरून घ्यायची. शिवाय वेग फारसा बदलत नसताना 'आत्ताचा' आणि 'आधीचा' यांत फरकच नसतो. इथे डोंगरात पुड्या हरवायच्या त्या घोळक्याने, आणि एखाद्या वेळी नेमक्या, झोप खोल करण्यासाठी वेग वाढवल्यावरच. हुकूम पोचला की पंपाने परत पोच द्यावी, असं आधी ठरलं होतं. वाहतूक वाढते म्हणून ते तिनेच काढून टाकलं होतं. म्हणून पुण्याला वाटायचं, औषध चाललंय. पट्टीच्या पुड्याही त्याच घोळक्यात गेलेल्या असायच्या, आणि अंदाजक न चाललेल्या औषधावरून न लागलेल्या झोपेची रेघ काढायचा. नेटवर्क परतलं की नियंत्रक सावरायचा, आणि मधल्या जागेपणाच्या उसळीलाही अंदाजक गोंगाट समजून घासून सपाट करायचा. रेघ तुटलेली दिसली की सर्जन घाबरतात, म्हणून ती अखंड दिसावी अशी सोय तिनेच केली होती. तिचं स्थैर्याचं गणित अगदी बरोबर होतं. ते रेघेला लागू पडत होतं, मालनला नाही.

तिला इतकी शरम वाटली की सिस्टरकडे बघवेना. "सिस्टर, मी तुमच्यावर संशय घेतला."

"मी पण घेतला, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "स्वतःवर. घरी बसून रोज विचार करायची, की माझ्या हातून पंप बंद झाला असेल का."

कक्षाचे प्रमुख डॉ. उपासनी फोनवर शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "छान. सापडलं ना? आज एकही केस घेऊ नका असं सांगतो सगळीकडे. चौगुलेला एक ओळ बदलायला लाव. सिस्टरना रुजू करून घेऊ, त्या बाईंचा शेराही काढू."

"आणि सर, जिथे अंदाज आहे तिथे रेघ तुटकी दाखवायची. आपल्याला माहीत नाही, हे दिसलं पाहिजे."

"ते बघू. सर्जनचा हात थांबतो त्याने."

"थांबू दे की."

"बघू म्हटलं ना."

"आणि आधीचे पेशंट?"

"त्यांचं काय? कोणी तक्रार केलीय का?"

"नाही."

"मग ज्याला काही आठवत नाही, त्याच्या डोक्यात आपणच जाऊन भीती भरायची का, रुजुता? नीट झोपलेल्या माणसाला विचारायचं, तू जागा होतास का म्हणून? डॉक्टर म्हणून मला ते पटत नाही. तू उगाच कोणाला छेडू नकोस."

युक्तिवाद बिनतोड होता, आणि म्हणूनच तिला त्याचा संशय आला. हे खरंच पेशंटसाठी चाललंय, की दूरभूलच्या योजनेसाठी? आणि आपल्याला ते पटावंसं वाटतंय ते कशासाठी? हा दुसरा प्रश्न तिला जास्त टोचला.

संध्याकाळी ती मालनकडे गेली. काय झालं ते सोप्या शब्दांत सांगितलं, आणि तुम्ही जाग्या होतात, भ्रम नव्हता, हे स्पष्ट म्हणाली. मालनने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "ओ, हिकडं या जरा." नवरा दारात येऊन उभा राहिला. "आता परत सांगा ताई. ह्येंच्यासमोर."

रुजुताने परत सांगितलं. नवऱ्याने मान खाली घातली. घरातल्या घरात किती बोलणं झालं असेल, ते तिला त्या एका हालचालीवरून कळलं.

चहा आला. बशी पुढे करता करता मालन म्हणाली, "मी तोंडाळ बाई, ताई. मनात आलं ते बोलून टाकतो, म्हनून हे भाईर तरी आलं. जी बोलत न्हाईत त्येंचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रुजुता पुण्याच्या गाडीत बसली नाही. सिस्टर बारदेस्करांना बरोबर घेऊन ती गावाबाहेरच्या एका घराकडे निघाली. रवळू गुरव नावाच्या माणसाचं वर्षापूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. त्याच्या वेळीही औषध जरा जास्तच उरलं होतं, असं सिस्टरना आठवत होतं. तेव्हा त्यांनी फोन केला नव्हता.

रवळू अंगणात वाळत घातलेले काजू निवडत बसला होता. सिस्टरना बघून त्याने हात जोडले. बायको तांब्या-भांडं घेऊन आली आणि तिथेच दाराशी टेकली. तब्येतीची, काजूच्या भावाची विचारपूस झाली. उपासनींचे शब्द रुजुताच्या डोक्यात घोळत होतेच. अजूनही उठून जाता येईल, असं तिला वाटून गेलं.

"मामा, एक विचारू का?" ती म्हणाली. "तुमचं ऑपरेशन चाललं होतं ना, तेव्हा मधेच तुम्हाला काही ऐकू आलं होतं का?"

रवळूचा हात काजूवरच थांबला. त्याने सिस्टरकडे बघितलं, मग बायकोकडे.

"तू आत जा जरा," तो बायकोला म्हणाला.

ती आत गेली. मग मान वर न करता, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "म्हंजे, ते खरंच झाल्तं?"